टीव्हीला पीसी जोडायचाय? आधी कार्ड घेऊ नका
नुसते पिक्चर बघायला पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन महागडं ग्राफिक्स कार्ड आणायची खरंच गरज नसते, इंटेल ११ व्या जनरेशनपासून पुढचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर त्यातलंच ग्राफिक्स ४के एचईव्हीसी आणि एव्ही१ (व्हिडिओचे दोन फॉरमॅट) दोन्ही आरामात चालवतं, फॅनची घरघर पण वाढत नाही.

१. प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ नको, त्यात ग्राफिक्सच नसतं.
२. मदरबोर्डचा एचडीएमआय २.० आहे ना बघा, १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम. तिथे डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याला एचडीएमआय २.० मध्ये बदलणारा अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडाप्टर लावा, काम होतं.

जुन्या पीसीत कार्ड टाकायचंच असेल तर एक सांभाळा: जीटी १०३० किंवा आरएक्स ६४०० ही कार्डं एव्ही१ डिकोड करत नाहीत (म्हणजे ते व्हिडिओ स्वतः उलगडत नाहीत), दुकानदार काहीही म्हणो. आणि कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाची लो प्रोफाइल (कमी उंचीची) पट्टी मागून घ्या.