एडिंबरा फ्रिंजला जायचंय? आधी गॅरंटी समजून घ्या

ब्रिटनमध्ये कॉमेडी ॲक्टर व्हायला निघालेल्यांना ड्रामा स्कूल की युनिव्हर्सिटीचा रेव्ह्यू ग्रुप (विद्यार्थ्यांचे विनोदी स्किट करणारा गट) हा वाद माहीतच असतो, म्हणून त्यावर थोडक्यात. केंब्रिजचं फुटलाइट्स 1883 पासूनचं, त्याचा शिक्का आजही चालतो, कुणी कितीही नाही म्हणो. पण कॉमेडियन जेमी डेमेट्रियू ब्रिस्टल युनिव्हर्सिटीच्या रेव्ह्यूतून आला, आणि कॉमेडी ॲक्टर डेझी मे कूपर तर लंडनच्या ‘राडा’ (RADA) या नामांकित ड्रामा स्कूलमध्ये शिकूनही बेकार होती, भावाबरोबर रात्रपाळीत साफसफाई करायची, मग दोघांनी आपल्याच भागातल्या लोकांवर ‘धिस कंट्री’ ही मालिका लिहिली, ती 2017 ला बीबीसी थ्रीवर आली आणि पुढच्या वर्षी बाफ्टा पुरस्कार. म्हणजे नामांकित शाळा मिळाली नाही म्हणून रडू नका.

आता खरा मुद्दा, ऑगस्टमधलं फ्रिंज, म्हणजे एडिंबराचा नाटक-कॉमेडीचा महोत्सव. तिथे कुणीही शो लावू शकतं, सिलेक्शन कमिटी वगैरे नाही, आणि ‘फ्लीबॅग’ 2013 ला तिथूनच आलं हे तुम्हाला प्रत्येकजण ऐकवणार. ते लिहिणारी फीबी वॉलर-ब्रिज त्याआधी कित्येक वर्षं मैत्रिणीबरोबर स्वतःची नाटक कंपनी चालवत होती हे कोणी सांगत नाही.

मला लोळवलं ते व्हेन्यूच्या (शोचा हॉल देणाऱ्यांच्या) गॅरंटीने. ‘60-40, साठ टक्के तुझे’ असं ऐकलं की छान वाटतं ना? नीट बघा. समजा 50 खुर्च्या, 10 पौंड तिकीट, 24 शो. सगळे हाऊसफुल्ल गेले तर 12,000 पौंड, त्यात व्हेन्यूचे 4,800. पण करारात आत कुठेतरी असतं की हॉल 40 टक्के भरल्यावर जेवढा वाटा झाला असता तेवढे तरी आम्हाला द्यायचेच, हीच ती गॅरंटी, म्हणजे 1,920. नवख्या माणसाला रोज दहा प्रेक्षक आले तरी नशीब, तर गल्ला 2,400, व्हेन्यूचे 1,920 गेले, तुमच्या हातात 480, यात व्हॅट धरलेलाच नाही. त्यातून ऑगस्टमधलं एडिंबराचं घरभाडं, प्रोग्रॅममध्ये नाव छापायची फी, पोस्टर, टेक्निशियन!! आणि फुकट पास वाटून हॉल भरला तर फोटो मस्त येतो, गल्ल्यात शून्य.

म्हणून पहिल्या वर्षी फ्री फ्रिंज. पीटर बकली हिलने 1996 ला हे सुरू केलं, पबची खोली, भाडं नाही, शो संपला की दारात बादली घेऊन उभं राहायचं, प्रेक्षक मनाला येईल तेवढे पैसे त्यात टाकतात. लाज वाटते पहिले काही दिवस, मग नाही वाटत. माइक, लाइट सगळं स्वतःच बघायचं, वरच्या मजल्यावर कुणीतरी मॅच बघत ओरडतंय, आणि खरं सांगते, पंचलाइन कुठे थांबून मारायची हे मला तिथेच कळलं, एकांकिका स्पर्धांमध्ये सगळं पाठ करून हशा घेतलेला तो वेगळा.

वीकेंड बूटकॅम्पवाले मेंटॉर टाळा. स्वतः स्टेजवर उभा न राहणारा माणूस टायमिंग काय शिकवणार (माझं मत, चिडू नका). ‘बोरात’वाला सॅशा बॅरन कोहेन फिलिप गोलिए या फ्रेंच गुरूकडे क्लाउन शिकला, पण तिथे भर वर्गात कडक अपमान व्हायचा, नुसतं सर्टिफिकेट हवं असणाऱ्यांना झेपणार नाही. त्यापेक्षा लिहिणारा एक जोडीदार शोधा.

आणि भारतातून स्टुडंट व्हिसावर आला असाल तर सेल्फ-एम्प्लॉइड कामाला आणि प्रोफेशनल एंटरटेनर म्हणून कामाला मनाई आहे, बादलीतले पैसेसुद्धा अडचणीत आणू शकतात. कॉलेजच्या व्हिसा ऑफिसला आधी विचारा, मगच शोचं नाव नोंदवा.