मागचं चाक धरतंय? शू बदलायच्या आधी हँडब्रेकची केबल सैल करून बघा

जुन्या गाडीचा मागचा ब्रेक धरायला लागला, म्हणजे सोडल्यावरही चाक अडकवून ठेवायला लागला, की ज्याला विचारावं तो एकच सांगतो, शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबून थांबवणारे अर्धगोल तुकडे) बदलून टाक. मीही बदलले, एकदा नाही दोनदा, आणि चाक धरायचं ते धरतच राहिलं, कारण दोष शूमध्ये नव्हताच. म्हणून आधी चाकाला नक्की कोण धरून ठेवतंय ते शोधायचं. संशयित तीनच असतात, हँडब्रेकची केबल, ब्रेक ऑइलचं अडकलेलं प्रेशर, नाहीतर ड्रमच्या आतलं काहीतरी.

कुठलं चाक ते आधी ठरवा. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा, ब्रेक शक्यतो मारायचा नाही, थांबतानाही गिअर उतरवत हळूहळू थांबायचं. मग दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या. न्या म्हणतोय, लावा नाही, धरलेला ड्रम इतका तापतो की पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र वाजतात. एकच गरम असेल तर भानगड त्याच चाकात किंवा त्याच बाजूच्या केबलमध्ये. दोन्ही सारखेच तापले असतील तर दोघांना सामाईक असलेलं काहीतरी, म्हणजे हँडब्रेकच्या दांड्याकडची केबल, मागे जाणारा ऑइलचा रबरी पाइप किंवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला प्रेशर देणारा). दोन्ही थंड असतील तर चाक धरत नाहीये, तुमचा प्रश्न नुसत्या आवाजाचा आहे.

आवाज असेल तर कान द्या. ब्रेक दाबल्यावर बारीक चीं म्हणजे बहुतेक वेळा धूळ, नाहीतर लायनर (शूवरचा घासणारा थर) काचेसारखं गुळगुळीत झालंय. खर्र खर्र म्हणजे लायनर संपून रिबिट किंवा लोखंड ड्रमवर घासतंय, ही गाडी तशी चालवू नका. दाबताना किंवा सोडताना एकच टक येत असेल तर बॅकप्लेटवर (ड्रममागची न फिरणारी प्लेट) शू जिथे टेकतो त्या उंचवट्यांना खाच पडलेली असते, शू तिच्यात अडकतो आणि सुटताना वाजतो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना घुर्र करते तो ड्रमवरचा गंज, त्याला काहीही करायची गरज नाही. आणि ब्रेक न दाबता वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते, तिच्यासाठी ड्रम खोलून बसू नका.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा कारण हँडब्रेक सोडलेला राहणार आहे, गाडी न्यूट्रलमध्ये टाका, मागची बाजू उचलून घोड्यांवर (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणाऱ्याने पुढचं वाचूच नये.

आता चाक हाताने फिरवा. शू ड्रमला किंचित घासल्याचा सूंऽ आवाज चालतो, पण ढकलून सोडल्यावर चाक एक-दोन फेऱ्या तरी फिरायला हवं (इंजिनचा जोर मागच्या चाकांना मिळणाऱ्या गाडीत डिफरन्शियलमुळे थोडं जड लागतं, त्याला घाबरू नका). चाक जड असेल तर गाडीखाली केबलचा अ‍ॅडजस्ट करायचा नट असतो तो पूर्ण सैल करा आणि परत फिरवा. मोकळं झालं? मग दोष केबलचा किंवा तिच्या टोकाला ड्रमच्या आत शू ढकलणारा लिव्हर असतो त्याचा. नाही झालं तर ब्रेक पेडल एकदा जोरात दाबून सोडा आणि व्हील सिलिंडरचं (ऑइलच्या प्रेशरने शू ढकलणारा चाकातला सिलिंडर) हवा काढायचं निपल अर्धा आटा उघडा, त्याला पाइप लावून टोक बाटलीत ठेवा कारण ब्रेक ऑइल रंग खातं. पिचकारी उडून चाक लगेच सुटलं तर प्रेशर अडकतंय. जुना रबरी पाइप बाहेरून धडधाकट दिसतो पण आतून सुजतो, ऑइल पायाच्या जोराने पुढे जातं आणि परत यायला वाट राहत नाही. दोन-चार थेंब ओघळले म्हणजे पिचकारी नव्हे, काही जुन्या गाड्यांत थोडं प्रेशर मुद्दामच राखलेलं असतं. निपल उघडूनही चाक हललं नाही तर उरला ड्रम.

ड्रम निघत नसेल तर हातोडीने ठोकत बसू नका. आतल्या कडेला झिजून धार आलेली असते, शू तिच्यात अडकतात, म्हणून बॅकप्लेटच्या भोकातून अ‍ॅडजस्टर (शू आत-बाहेर सरकवणारा स्क्रू) मागे फिरवून शू आत घ्या. बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर सरकतो. आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवायची नाही, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, धूळ ओली करा, फडक्याने पुसा. व्हील सिलिंडरचे रबरी बूट उचलून बघा, आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. ऑइल प्यालेलं लायनर धुऊन वापरू नका, फेकाच.

आता माझी फजिती. माझ्या गाडीचा हँडब्रेक फार वर यायला लागला तेव्हा मी केबल आवळली, सगळे तेच करतात. खरं तर हँडब्रेक वर येतो तेव्हा बहुतेक वेळा शू आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं, ते अ‍ॅडजस्टरने कमी करायचं, केबलने नाही. केबल आवळली की आतला हँडब्रेक लिव्हर कायमचा थोडा ओढलेला राहतो, मग बऱ्याच गाड्यांत ऑटो अ‍ॅडजस्टर काम करायचंच सोडतो आणि शू अर्धवट बाहेर. चाक तापायला लागलं. मी सिलिंडरचं किट टाकलं, शू नवे टाकले, केबल परत सैल केली, तरी तेच. पुन्हा शू बदलले. तिसऱ्या रविवारी ड्रम काढून नुसता बघत बसलो आणि बायकोला म्हटलं गाडीत बसून हँडब्रेक ओढ आणि सोड. डाव्या चाकाचा लिव्हर झपकन मागे आला. उजव्याचा अर्ध्यावर येऊन थांबला.

बोटाने ढकलला तर गेला मागे, पण स्वतःहून येईना. केबल त्यातून काढली आणि ती वेगळी ओढून बघितली, ती छान सरकत होती. मग लिव्हर एकटा हलवला. ज्या पिनवर तो शूला जोडलेला असतो ती पिन गंजून घट्ट झाली होती. आणि नवे शू टाकताना जुना लिव्हर पिनसकट काढून नव्या शूवर मीच बसवत होतो, दोन्ही वेळा, म्हणजे रोग स्वतःच्या हाताने पुढच्या शूला देत होतो! पिन काढली, पॉलिश पेपरने घासली, ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी नखभर लावलं, पाच मिनिटांचं काम.

म्हणून ड्रम निघाला की बाकी काही न करता आधी ही परीक्षा घ्या. सोडल्यावर दोन्ही बाजूंचे लिव्हर आपल्या थांब्याला पूर्ण टेकले पाहिजेत. नाही टेकले तर केबल आणि लिव्हर वेगळे करून एकेक हलवा, केबल जड असेल तर बदला. बाहेरून तेल सोडून मोकळी झालेली केबल थोड्याच दिवसांत परत धरते, माझ्यावर विश्वास ठेवा.

बाकीचं सोपं आहे. बॅकप्लेटचे उंचवटे घासून पुसटसं ग्रीस लावा, खाच खोल असेल तर ग्रीसने काही होणार नाही, प्लेट बदलावी लागेल. ताणलेल्या स्प्रिंगा बदला. अ‍ॅडजस्टरचे आटे साफ करा, आणि चाकी फिरवून चालणारा असेल तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, आटे उलटे असतात, शू जवळ यायचे तर दूर जातील. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे गेलेला ड्रम लेथवर नेऊ नका, नवाच घ्या.

जोडताना क्रम मात्र चुकवायचा नाही. केबल सैल असतानाच शू अ‍ॅडजस्ट करा, पेडल दोन-चार वेळा दाबून शू मध्यावर येऊ द्या, परत अ‍ॅडजस्ट करा, आणि केबल अगदी शेवटी, तीही लिव्हर थांब्यावरून हलणार नाही इतपतच. निपल किंवा पाइप उघडला असेल तर ब्रेक ऑइलमधली हवा काढा. नंतर तीच दहा-पंधरा मिनिटांची फेरी मारून परत हात जवळ न्या, आणि आठवडाभराने पुन्हा एकदा, कारण नवे शू ड्रमला बसेपर्यंत अंतर थोडं बदलतं.