लाईट परत येते तेव्हा : घरी जुना लेथ उभा करणाऱ्यांसाठी

आयटीआयला टर्नर केलं, सात वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो आणि मग कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून साडेचार फुटी लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, घेतला. पंजाबातल्या बटाल्याचा, बेल्टवर चालणारा, नेमप्लेट गायब. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उतरवला त्या दिवसापासून त्यावर पहिला पैशाचा जॉब निघेपर्यंत चौदा महिने गेले. त्या चौदा महिन्यांतल्या एका संध्याकाळी माझी आई थोडक्यात वाचली, आणि त्याचं कारण मी करून घेतलेलं वायरिंग होतं. हल्ली आयटीआयची पोरं-पोरी विचारायला येतात, घरी जुनं मशीन घेऊ का म्हणून. घ्या. पण हे वाचून घ्या. बॅक गियर कधी टाकायचा, सेंटर कसं मिळवायचं हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितोय.

घेताना रंग बघू नका, कॅरेज, म्हणजे टूल घेऊन सरकणारा भाग, बघा. जुन्या लेथवर बहुतेक काम चकाजवळच्या (चक म्हणजे जॉब पकडून फिरणारा भाग) फूटभरात झालेलं असतं, त्यामुळे बेड, म्हणजे कॅरेज ज्यावर सरकतं तो लांब पाया, तिथे झिजतो आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे तसाच राहतो. कॅरेज चकाजवळ आणा, हाताने हलवून बघा, ढिलं लागेल. तिथे गिब, म्हणजे कॅरेजचा ढिलेपणा काढणारी पट्टी, आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्या. मध्येच जाम झालं की झीज किती आहे ते कळलं. थोडी झीज प्रत्येकात असते, तिला घाबरू नका, बुश आणि पिना कातायला असं मशीन पुरतं. चेंज गियर, म्हणजे आटे पाडायला बदलून लावायचे गियर, मात्र मोजून घ्या. या जुन्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू, बहुधा इंचाला चार आट्यांचा असतो. त्यावर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायचे तर १२७ दातांचा गियर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट केली की १२७ हा पूर्ण आकडा मिळतो. जुन्या मशीनबरोबर नेमका हाच गियर आलेला नसतो. नसेल तर भाव पाडून मागा, लाजू नका.

उतरवताना हेडस्टॉककडे, म्हणजे चकाच्या बाजूला, वजन जास्त असतं हे लक्षात ठेवा. लेथ चटकन कलंडतो. हमालांना घाई असते, तुम्ही करू नका.

माझ्याकडे एक निवृत्त फिटर काका यायचे. खुर्ची टाकून बसायचे, हात लावायचे नाहीत. पहिल्या आठवड्यातच मी रंगाचा डबा आणला तर म्हणाले, "रंगानं काय कातणार हाईस?" मला तेव्हा राग आला होता. आज मी कुणालाही हेच सांगेन की असा माणूस शोधा. जो तुमच्या हातातला पाना घेऊन स्वतःच नट सोडवतो, तो माणूस प्रेमळ असला तरी तुमचं नुकसान करतो. आणि व्हिडिओ बघून गंज काढायला जाऊ नका. त्यात लोक बेडवर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून फिरवतात, पॉलिश पेपर घासतात. त्या पेपरची बारीक पूड सॅडलखाली, म्हणजे कॅरेजच्या बुडाखाली, जाते आणि तुम्ही तेल घालून कॅरेज फिरवता तेव्हा तीच बेड खात बसते. तेल टाका, जुन्या ब्लेडची पात आडवी धरून गंज खरवडा, डिझेलने धुवा. चार दिवस लागतील. लागू द्या.

आता वायरिंग. इथे सावकाश वाचा.

माझ्या लेथवर दोन एचपीची थ्री फेज मोटर होती आणि घरात सिंगल फेज. ओळखीच्या एका वायरमनने मोटर चालू-बंद करायचा जुना स्टार्टर घरच्या लाईटवर जोडून बघितला. हिरवं बटण दाबलं की नुसता गुणगुणायचा, ओढायचा नाही. "स्टार्टर गेलाय," म्हणून त्याने तो काढला, मोटरही काढायला लावली. एक एचपीची सिंगल फेज मोटर बसवली आणि भिंतीवर एमसीबी (शॉर्ट झाला की पडणारा स्विच) दिला. वर केला की लेथ चालू, खाली केला की बंद. मला ते फार सोपं वाटलं. पैसेही वाचले.

मे महिना होता, वळवाच्या पावसाचे दिवस. एमसीबी वर होता, लेथ फिरत होता आणि लाईट गेली. चक थांबला. अंधार पडायच्या आत जॉब काढून घ्यावा म्हणून मी चकला चावी लावली, अर्धवट फिरवली, तेवढ्यात वारा सुटला आणि शेडचं दार आपटायला लागलं. दार बांधायला बाहेर गेलो तो घरातच चहाला बसलो. चावी चकमध्ये. एमसीबी वर. पंधरा-वीस मिनिटांनी लाईट आली. आई दोरीवरचे कपडे काढायला शेडच्या मागे गेली होती. मला आधी मोटरचा आवाज ऐकू आला आणि लगेच पत्र्यावर हातोडी मारावी तसा दणका. चावी चकातून सुटून पत्र्यावर आदळली होती. पत्रा बाहेरच्या बाजूला वाटीएवढा फुगला. आई त्या जागेपासून दोन हातांवर होती, कपडे हातात तसेच धरून.

तो टेंगूळ मी ठोकून सरळ केलेला नाही.

स्टार्टर गेलेला नव्हताच. थ्री फेजच्या जुन्या स्टार्टरची कॉइल बहुतेक वेळा दोन फेजच्या मध्ये जोडलेली, म्हणजे ४१५ व्होल्टची असते. तिला घरचे २३० दिले तर लोहचुंबकात ओढायची ताकदच येत नाही, ती गुणगुणते. हे माहीत नसलं की माणूस स्टार्टर भंगारात टाकतो. मोटर सिंगल फेजच ठेवायची असती तरी २४० व्होल्टची कॉइल बदलून तोच स्टार्टर चालला असता. एवढीशी वस्तू.

हा स्टार्टर नेमकं काय करतो ते नीट समजून घ्या, कारण मोटर चालू करणं हे त्याचं निम्मंच काम आहे. हिरवं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो, कॉइल मुख्य कॉन्टॅक्ट ओढते, मोटर फिरते. त्याच ओढीत बाजूचा एक छोटा कॉन्टॅक्टही मिटतो, आणि तो हिरव्या बटणाला समांतर जोडलेला असतो. म्हणून बोट काढलं तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाल बटण ही धरलेली साखळी तोडतं. लाईट जाते तेव्हाही साखळी तुटते, स्प्रिंग कॉन्टॅक्ट उघडते. मग लाईट परत आली तरी कॉइलला करंट मिळायला वाट उरत नाही. कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन मुकाट उभं राहतं. एमसीबी हे करत नाही. तो जास्त करंट किंवा शॉर्ट झाला की पडतो, लाईट गेली म्हणून पडत नाही. भिंतीवरचा साधा स्विचही नाही. हिरव्या बटणात काडी खुपसून ते दाबून ठेवलेले स्टार्टर मी वर्कशॉपमध्ये पाहिले आहेत. त्याचा अर्थ एमसीबीवर लेथ चालवण्यासारखाच.

सिंगल फेज मोटरला तीन पोलचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा) लावणार असाल तर करंट तिन्ही पोलांतून एकामागोमाग फिरवून घ्या. एकाच पोलातून नेला तर काही रिले फेज गेली असं समजून विनाकारण ट्रिप होतात, आणि मग वैतागून लोक रिलेच काढून टाकतात. रिलेचा आकडा मोटरच्या नेमप्लेटवरच्या करंटला लावा, अंदाजाने नको.

मी शेवटी जुनीच मोटर परत बसवली आणि व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारा आणि मोटरचा वेग बदलणारा डबा, घेतला. सिंगल फेज २३० आत, थ्री फेज २३० बाहेर. आपल्याकडच्या तीन एचपीपर्यंतच्या ४१५ च्या मोटरा सहसा आत स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र सांधून) जोडलेल्या असतात. तशीच ठेवलीत तर रिकामी फिरेल, पण टूल लावलं की दम सोडेल. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी असतील आणि नेमप्लेटला चालत असेल तर डेल्टा, म्हणजे तिन्ही वाइंडिंगचा त्रिकोण, करा: यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२. तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत आहे. तो उघडायचं काम रिवाइंडिंगवाल्याला द्या, स्वतः कोरत बसू नका. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये कुठलाही स्विच ठेवू नका. झाकण उघडण्याआधी लाईट बंद करून मॅन्युअलमध्ये दिलीत तेवढी मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर भरलेले असतात. घरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) पडायला लागला म्हणून आर्थिंगची वायर कापणारे लोक आहेत. ते कधीही करू नका.

आणि पुन्हा तोच सापळा. व्हीएफडीला चालू-बंदसाठी साधा टॉगल स्विच जोडला आणि तो चालूवर राहिला, तर लाईट आल्यावर काही व्हीएफडी सरळ मोटर सुरू करतात. म्हणून दाबून सुटणारी दोन बटणं घ्या, तीन वायरींची जोडणी करा, आणि लाईट आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग बंद आहे ना ते मॅन्युअल उघडून बघा. मग तपासा. चक रिकामा, चावी बाहेर, लेथ फिरता. मेन बंद करा. डिस्प्ले पूर्ण विझेपर्यंत थांबा. मेन चालू करा. चक हलता कामा नये. तीनदा करा. मी दर महिन्याला करतो.

व्हीएफडीने उलटं फिरवणं सोपं होतं, पण तुमचा चक आट्यांनी स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, बसत असेल तर उलट्या फेऱ्यात टूल लावलं किंवा झटक्यात ब्रेक मारला की तो सुटून येतो. मोठा चक पायावर पडला तर पाऊल राहत नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर थोडं थांबा. यातलं काहीही आयटीआय झालेल्या माणसाला न झेपणारं नाही. मला वेळ लागला कारण मी पहिली सोपी वाट धरली. मेन बोर्डचं काम परवानाधारक वायरमनला द्या आणि त्याच्या शेजारी उभं राहून प्रत्येक वायर कुठे जाते ते विचारा. चिडला तर दुसरा बघा. जॉबवर्क करणार असाल तर महावितरणकडे तसं कनेक्शन मागा. घरगुती मीटरवर धंदा केलात तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जातो.

लेव्हलिंगला मला तीन रविवार लागले. बेडला पीळ असला की जॉब टेपर, म्हणजे एका टोकाला जाड, येतो. एक जाड रॉड चकमध्ये धरून टेलस्टॉकशिवाय सहा इंच बाहेर काढा, दोन टोकांना दोन पट्ट्या एकाच सेटिंगवर बारीक कट घेऊन काता आणि मायक्रोमीटर लावा. फरक आला की टेलस्टॉककडच्या पायाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घाला किंवा काढा, पुन्हा काता. माझा फरक सुरुवातीला आठ शतांश मिलिमीटर होता, दोन शतांशावर आला तेव्हा काका खुर्चीवरून उठले आणि मायक्रोमीटर स्वतःच्या हातात घेऊन बघितला.

पहिला जॉब गुऱ्हाळाच्या चरकाचा गनमेटलचा बुश होता. बसवायला मी स्वतः गेलो.