बिल्डरूटने लिनक्स इमेज बनवताय? या चुका टाळा

बिल्डरूट म्हणजे छोट्या बोर्डांसाठी लिनक्सची अख्खी इमेज सोर्सपासून बनवणारं साधन. रास्पबेरी पायचं डेफकॉन्फिग (त्या बोर्डाची तयार सेटिंग फाइल) लावून 'मेक' ही बिल्डची कमांड दिली की पहिली इमेज सहसा सुरळीत बनते. रडारड सुरू होते ती पुढच्या बदलांना, कारण आउटपुट फोल्डरलाच लोक सोर्स समजून बसतात. 'मेक क्लीन' दिलं की त्यातलं सगळं जातं.

आउटपुट/टार्गेटमध्ये, म्हणजे इमेजच्या फाइली जमतात त्या फोल्डरात शिरून हाताने फाइली बदलणं हा सर्रास होणारा घोटाळा. तुमच्या फाइली बाहेर वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि तो रूटएफएस ओव्हरले (रूट फाइलसिस्टिमवर चढवायच्या फाइलींचा फोल्डर) म्हणून द्या. टार्गेट फोल्डर थेट एनएफएसवर (नेटवर्कवरून फाइली पुरवायची पद्धत) टाकून बूट करू नका. 'ही तुमची रूट फाइलसिस्टिम नव्हे' अशा नावाची फाइल बिल्डरूट तिथे मुद्दाम ठेवतं, ती कोणी वाचत नाही! फाइलींची खरी मालकी आणि परवानग्या इमेज बनताना ठरतात, फेकरूट या रूट अधिकारांचा आभास देणाऱ्या साधनाखाली. एनएफएससाठी रूटएफएसची टार ही एकत्र बांधलेली फाइल बनवून ती रूट युजर म्हणून उलगडा.

मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे बिल्डरूटच्या निवडींच्या मेनूत, पॅकेजची खूण काढली, तरी ते इमेजमध्ये दिसतंच? दिसणारच. एकदा बसवलेलं उपटून काढायची सोय बिल्डरूटमध्ये नाही. पॅकेज काढलं, टूलचेन (कंपायलर वगैरे साधनांचा संच) बदलली किंवा जीलिबसी या सी लायब्ररीवरून मसल या दुसरीवर गेलात, तर 'मेक क्लीन' करून पुन्हा सगळं बिल्ड करा. वेळ जातो, पण अर्धवट इमेजमागे त्याहून जास्त जातो.

प्रोग्राम 'एलएस'च्या यादीत दिसतो, चालवला की शेल म्हणतं 'नॉट फाउंड', हा प्रकार हमखास चकवतो. सापडत नसतो तो बहुधा डायनॅमिक लोडर, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्या जोडून देणारा इंटरप्रिटर. उबुंटूवर जीलिबसीने बनवलेली बायनरी मसलच्या इमेजमध्ये टाकली की हेच होतं. बायनरी कोणता इंटरप्रिटर मागते ते 'रीडएल्फ' कमांडने बघा आणि ती बिल्डरूटच्याच टूलचेनने पुन्हा बनवा.

कर्नलची सेटिंग 'लिनक्स-मेनूकॉन्फिग'मध्ये बदलून थांबलात, तर पुढच्या क्लीनला ती गायब. कर्नलसाठी स्वतःची कॉन्फिग फाइल नेमा आणि बदलांनंतर 'मेक लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग' द्या. बिझीबॉक्सचंही (छोट्या सिस्टिममधल्या मूलभूत कमांडांचा संच) तसंच. बिल्डरूटच्या स्वतःच्या निवडी जपायला 'मेक सेव्हडेफकॉन्फिग' द्या.

शेवटी 'कुड नॉट अलोकेट ब्लॉक' आलं, तर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) इमेजचा आकार अपुरा आहे. मूळ आकडा ६० एमबी असतो, काही बोर्डांच्या डेफकॉन्फिगमध्ये जास्त, तो वाढवा. डब्ल्यूएसएलवर (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) पाथमध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, 'प्रोग्राम फाइल्स' घुसतं आणि त्यातल्या मोकळ्या जागेमुळे बिल्ड सुरूच होत नाही. पाथमधले विंडोजचे भाग काढा. आणि सूडो (रूट अधिकार देणारी कमांड) लावून बिल्ड करू नका, त्याची गरजच नसते.