चित्रकाच्या मुळातून प्लंबाजिन काढताय? मग या चुका टाळा

चित्रकाच्या मुळातलं प्लंबाजिन हे शिकायला एकदम मस्त कंपाउंड आहे, रंग पिवळा-केशरी त्यामुळे कॉलमवर (मिश्रण वेगळं करायची सिलिका भरलेली नळी) नुसत्या डोळ्यांनी दिसतं, रेणू लहान आणि एनएमआर (रेणूतले हायड्रोजन-कार्बन कुठे आहेत ते दाखवणारा स्पेक्ट्रम) वाचायला सोपा. तरीही "यील्डच आलं नाही" आणि "स्पेक्ट्रममध्ये जास्तीचे पीक आहेत" या दोन तक्रारी सतत ऐकू येतात, आणि बहुतेक वेळा दोष मुळाचा नसतोच, आपण त्याला दिलेल्या उष्णतेचा आणि प्लास्टिकचा असतो.

आधी मूळ नक्की कशाचं ते बघा. वाळलेलं मूळ बघून जात ओळखणं अवघड, म्हणून फुलासकट फांदीची हर्बेरियम शीट (दाबून वाळवून कागदावर लावलेला नमुना) करून ठेवा, पांढरं फूल आणि कॅलिक्सवरचे (फुलाखालच्या हिरव्या पेल्यावरचे) चिकट ग्रंथीवाले केस ही पांढऱ्या चित्रकाची चांगली खूण. टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवरची क्रोमॅटोग्राफी) प्लंबाजिनचा स्पॉट आला म्हणजे जात सिद्ध झाली असं अजिबात नाही, कारण रक्तचित्रकात आणि बागेतल्या निळ्या चित्रकातही तेच असतं. आणि हो, ग्लोव्हज घालूनच दळा, या मुळाने कातडीवर फोड येतात, पूड उडाली तर डोळ्यांनाही त्रास.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, उष्णता. प्लंबाजिन सुमारे 78 अंशांना वितळतं, पण उडायला त्याच्या बरंच आधीपासून सुरुवात करतं, वाफेबरोबरही निघून जातं. लोक मूळ गरम ओव्हनमध्ये वाळवतात, मग सॉक्सलेट (गरम सॉल्व्हंट पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं उपकरण) दिवसभर चालवतात, मग रोटाव्हेपरचं (व्हॅक्यूममध्ये सॉल्व्हंट आटवायचं यंत्र) बाथ 60 वर ठेवून फुल व्हॅक्यूम देतात आणि शेवटी विचारतात माल गेला कुठे. एकदा रोटाव्हेपरच्या रिसीव्हिंग फ्लास्ककडे बघा, जमा झालेलं सॉल्व्हंट पिवळट दिसत असेल तर तुमचं प्लंबाजिन तिकडे बसलंय, ते फेकू नका, परत आटवा. मूळ सावलीत वाळवा, हेक्झेन किंवा क्लोरोफॉर्ममध्ये थंडच भिजत घाला, बाथ 35-40 च्या वर नेऊ नका आणि शेवटचं थोडं सॉल्व्हंट नायट्रोजनच्या हलक्या झोतात उडवा. व्हॅक्यूम पंपावर रात्रभर ठेवणं तर नकोच.

कॉलमला हेक्झेनमध्ये थोडं इथाइल अॅसिटेट पुरतं, पण आधी टीएलसीवर आरएफ (स्पॉटने सॉल्व्हंटच्या तुलनेत कापलेलं अंतर) 0.3 च्या आसपास येईल असं प्रमाण बसवून घ्या. अल्कलॉइडवाल्यांचं बघून मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये) ट्रायइथाइलअमाइन हा बेस टाकू नका, बेसमध्ये प्लंबाजिन लाल-जांभळं होतं. हाच रंग टीएलसीवर मात्र कामाचा, प्लेटवर मिथेनॉलिक केओएच फवारलं की स्पॉट लगेच ओळखता येतो. पण पिवळा स्पॉट एकच दिसतोय म्हणजे फ्रॅक्शन शुद्ध, हा गैरसमज सोडा!! मुळातले फॅटी पदार्थ आणि स्टेरॉल रंगहीन असतात, यूव्हीतही दिसत नाहीत, अॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक फवारून प्लेट गरम केली की मग हे लपलेले पाहुणे बाहेर येतात.

एनएमआरचं म्हणाल तर सीडीसीएल3 (ड्युटेरियमवालं क्लोरोफॉर्म) मध्ये 11.9-12 पीपीएमला ओएचचा टोकदार सिंगलेट (एकच रेघ), 6.8 ला एका प्रोटॉनचा बारीक क्वार्टेट (चार रेघा), 2.19 ला मिथाइलचा डब्लेट (दोन रेघा) आणि 7.2 ते 7.7 मध्ये तीन अॅरोमॅटिक प्रोटॉन, एवढंच हवं. अॅरोमॅटिक भागाचं इंटिग्रेशन (पीकखालचं क्षेत्रफळ, त्यावरून प्रोटॉन मोजतात) तीनपेक्षा जास्त येत असेल तर नवीन डेरिव्हेटिव्ह सापडलं म्हणून नाचू नका, आधी 4.2 च्या आसपास बघा, तिथेही पीक असेल तर ते बहुधा प्लास्टिकमधून आलेलं थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन), त्याचे 7.5 आणि 7.7 चे पीक नेमके इथेच येऊन बसतात. मासमध्ये (रेणूचं वस्तुमान दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) 149 आणि 391 दिसले की शंकाच नको. काचेची भांडी वापरा, सॉल्व्हंट डिस्टिल करून घ्या आणि तेवढंच सॉल्व्हंट नुसतं आटवून त्याचा ब्लँक काढा. 2.05 आणि 4.12 म्हणजे उरलेलं इथाइल अॅसिटेट, ते घालवायला पंप लावाल तर माल उडेल, त्यापेक्षा साध्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून दोनदा आटवा.

शेवटी ओळख पटवणं. एलसी-एमएसला (क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं मास) 189 आलं, लायब्ररीने प्लंबाजिन म्हटलं, झालं काम, असं बरेच जण लिहून मोकळे होतात आणि मला हे खरंच खटकतं. 7-मिथाइलजुग्लोनचंही सूत्र हेच, सी11एच8ओ3, मग मास काय सांगणार? त्याचं मिथाइल अॅरोमॅटिक रिंगवर असतं म्हणून 2.4 च्या जवळ येतं आणि क्विनोन रिंगवर (दोन कार्बोनिलवाली रिंग) एकाऐवजी दोन प्रोटॉन दिसतात, म्हणजे निर्णय एनएमआरच देतो. कार्बन एनएमआरमध्ये अकरा सिग्नल मोजा, 190 आणि 185 जवळचे दोन कार्बोनिल तपासा, मग ऑथेंटिक स्टँडर्डबरोबर एकाच प्लेटवर को-स्पॉट करा (दोन्ही एकाच ठिबक्यावर लावा), तेही निदान दोन वेगळ्या सॉल्व्हंट सिस्टिममध्ये, आणि स्टँडर्डमध्ये मिसळून मेल्टिंग पॉइंट घ्या, तो खाली घसरला तर पुन्हा कॉलम लावायची तयारी ठेवा.