नॉम पेन्ह: तुओल स्लेंग, च्योंग एक आणि राजवाडा एका दिवसात

सकाळी ८ वाजता तुओल स्लेंग उघडताच आत जा. आधी शाळा असलेला हा ख्मेर रूजचा, म्हणजे १९७० च्या दशकात कंबोडियावर राज्य केलेल्या क्रूर कम्युनिस्ट राजवटीचा तुरुंग. इथल्या कैद्यांना मारायला शहराबाहेरच्या च्योंग एक या वधस्थळी नेत, म्हणून क्रम हाच ठेवा. ऑडिओ गाइड घ्याच, नाहीतर रिकाम्या खोल्यांतून नुसतं फिरणं होतं. दोन तास हवेतच.

च्योंग एक सुमारे १५ किलोमीटरवर आहे. टुकटुक जाऊन-येऊन, थांबण्यासकट ठरवा. परतीला रिक्षा मिळेलच असं नाही. धूळ फार, मास्क ठेवा. पावसानंतर मातीतून हाडं, कपडे वर येतात. पायवाट सोडू नका, काही उचलू नका.

राजवाडा दुपारी बंद असतो, दोननंतर जा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. नुसती ओढणी बहुधा चालत नाही. फाटकी डॉलरची नोट कुणी घेत नाही.