कडब्याचा कार्बन आणि मॅग्नेशियम-सल्फर सेल: आधी पोअर व्हॉल्यूम मोजा

मॅग्नेशियम-सल्फर सेल म्हणजे एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचा आणि दुसरा सल्फरचा असलेली बॅटरी. तिच्यात सल्फर सच्छिद्र कार्बनच्या छिद्रांत भरतात, आणि त्या छिद्रांचं एकूण घनफळ म्हणजे पोअर व्हॉल्यूम. सोलापुरात अशा कार्बनसाठी कच्चा माल शोधत हिंडावं लागत नाही. ज्वारीचा कडबा, उसाचं चिपाड, डाळिंबाची साल, सगळं हाताशी आहे. मात्र कडब्यात आणि चिपाडात सिलिका असते, आणि ती हायड्रोक्लोरिक आम्लाने निघत नाही. तयार कार्बन १ ग्रॅम घेऊन ८०० अंशांवर हवेत जाळा आणि राख तोला. राख जास्त भरली तर गरम सोडियम हायड्रॉक्साइडने धुवा. शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्यानेच करा. बोअरच्या पाण्यातले क्षार थेट छिद्रांत जाऊन बसतात.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडने ॲक्टिव्हेशन करताना, म्हणजे तापवून कार्बनला छिद्रं पाडताना, क्रुसिबल (मूस) निकेलचं घ्या, ॲल्युमिना खाल्लं जातं. ७०० अंशांच्या वर धातुरूप पोटॅशियम तयार होऊ शकतं. म्हणून भट्टी आर्गॉनमध्येच पूर्ण थंड होऊ द्या. गरम भट्टी उघडू नका, आग लागते.

आता खरा सापळा. गाईड पहिल्यांदा बीईटी सरफेस एरिया (वायू शोषवून मोजलेलं छिद्रांसह पृष्ठफळ) विचारतात, आणि नवखा विद्यार्थी त्याच आकड्यामागे धावतो. सल्फरला मात्र जागा लागते ती घनफळाची. १ ग्रॅम सल्फर ०.४८ घनसेंमी जागा घेतं. डिस्चार्जमध्ये त्याचं मॅग्नेशियम सल्फाइड झालं की वजन १.७६ ग्रॅम आणि घनफळ सुमारे ०.६६ घनसेंमी होतं. समजा, तुमच्या कार्बनचा पोअर व्हॉल्यूम ग्रॅममागे ०.६ घनसेंमी आहे. सल्फरच्या घनतेने हिशेब केला तर कार्बन-सल्फर मिश्रणाच्या वजनात ५५ टक्के सल्फर मावतं असं वाटेल. सल्फाइडच्या घनफळाने केला तर ४७-४८ टक्क्यांनाच छिद्रं काठोकाठ भरतात, आणि इलेक्ट्रोलाइटला (आयन वाहून नेणाऱ्या द्रवाला) वाटच उरत नाही. ४० टक्के धरा, म्हणजे साधारण पाव जागा मोकळी राहते. जास्तीचं सल्फर छिद्रांबाहेर साचतं, तिथून पॉलिसल्फाइड (सल्फरच्या साखळ्यांची विरघळणारी संयुगं) सुटतात आणि मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर थर धरतात.

सगळी छिद्रं २ नॅनोमीटरच्या आतली असली तर सल्फर चांगलं धरून ठेवलं जातं, पण द्रावकाने वेढलेला मॅग्नेशियम आयन आत रखडतो. मेसोपोअरची, म्हणजे २ ते ५० नॅनोमीटरच्या छिद्रांची, जोड हवीच. त्यामुळे सरफेस एरिया कमी आली म्हणून खचू नका. असा कार्बन पुष्कळदा सरस ठरतो.

सल्फर भरायला बंद भांड्यात, आर्गॉनखाली, १५५ अंश आणि १२ तास. इथे घाई चालत नाही. १५९ अंशांच्या वर वितळलेलं सल्फर दाट-चिकट होतं आणि छिद्रांत शिरत नाही.

करंट कलेक्टर (इलेक्ट्रोडमागची वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) तांब्याचा वापरू नका, कुणी कितीही सांगो. तांबं सल्फरशी जुळून कॉपर सल्फाइड बनवतं, सेल सुरेख चालतो, आणि श्रेय कार्बनला दिलं जातं.

कार्बन वाळवायचा तो सल्फर भरण्याआधी, १२० अंशांवर व्हॅक्यूममध्ये, रात्रभर. छिद्रांतलं पाणी राहिलं तर मॅग्नेशियमवर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा थर बसतो. सल्फर भरल्यावर मात्र ५०-६० अंशांच्या वर जाऊ नका, व्हॅक्यूममध्ये सल्फरच उडून जातं. वाळवण्याआधी आणि नंतर इलेक्ट्रोड तोला, बाइंडरच्या (कण चिकटवणाऱ्या पदार्थाच्या) द्रावकाचं वजन वजा करा. तरीही तूट दिसली तर ती सल्फरची आहे.